क्रॉस कंट्रीचे बूट: आधी जमीन, मग पाय, मग दुकान

क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅक सोडून माती-गवतावरून, चढउतारांवरून पळायची शर्यत. तिच्या जिल्हा निवड चाचणीच्या आठ-दहा दिवस आधी फोन सुरू होतात. "सर, बूट कुठले घेऊ?" मी उलट विचारतो, "पळायचं कुठल्या जमिनीवर आहे?" बहुतेक वेळा यावर उत्तर येत नाही. मार्ग पाहिलेला नसतो, पाय मोजलेला नसतो, कुणीतरी सुचवलेल्या कंपनीचं नाव मात्र पाठ असतं. मग घरच्यांचे तीन-चार हजार रुपये जातात आणि मुलगा पहिल्याच वळणावर घसरतो, नाहीतर शर्यतीनंतर दोन आठवडे पोटरी धरून बसतो. बूट चांगलेच असतात. निवडीचा क्रम उलटा झालेला असतो.

खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. सगळं मिळून साधारण सहा आठवडे हाताशी हवेत. तेवढे नसतील तर काय करायचं, ते पाचव्या टप्प्यात आहे.

टप्पा १: मार्ग पायाखालून घाला

"मातीवर पळायचं आहे" एवढ्यावर बूट निवडता येत नाहीत. आपल्याकडे माती म्हटलं की निदान चार वेगळ्या जमिनी येतात.

काळी माती ओली असताना बुटाला चिकटते आणि सोडत नाही. वाळली की भेगाळते आणि तिची ढेकळं दगडासारखी होतात. तिथे पकडीपेक्षा घोटा सांभाळणं महत्त्वाचं. मुरमाड जमिनीवर वर सैल खडे असतात आणि खाली टणक थर. स्पाइक्सचा, म्हणजे सोलखाली खिळे असलेल्या बुटाचा, लांब खिळा तिथे आत शिरत नाही, तुम्ही खिळ्यांच्या टोकांवर उभे राहता. कोकण-गोव्यातला जांभा कोरडा असताना खरखरीत असतो, त्यावर साधा रबरी सोलही पकड देतो. पावसात त्यावर शेवाळ धरलं की कुठलाच बूट भरवशाचा नाही, तिथे वेगच कमी करावा लागतो. चौथी जमीन मैदानी गवताची. ती सगळ्यात सोपी वाटते, पण सकाळी सातच्या शर्यतीला त्यावर दव असतं आणि नऊपर्यंत तेच गवत कोरडं होतं. म्हणून मार्ग पाहायला जाल तेव्हा शर्यतीच्या वेळीच जा.

जाताना खिशात एक मोठा खिळा किंवा स्क्रूड्रायव्हर ठेवा. सहा ठिकाणी तो अंगठ्याने जमिनीत दाबून पाहा: सुरुवातीची जागा, सगळ्यात तीव्र वळण, सगळ्यात उभा चढ, सगळ्यात उभा उतार, सगळ्यात ओली जागा आणि शेवटचे शंभर मीटर. प्रत्येक ठिकाणी तीनपैकी एक नोंद करा: सहज जातो, जोर लावला तर जातो, जात नाही. या सहा नोंदींवर पुढची निम्मी निवड उभी आहे.

लक्षात ठेवा: सप्टेंबरात पाहिलेली जमीन डिसेंबरात तशी राहत नाही. पाऊस थांबून महिना झाला की चिखलाचा मार्ग विटेसारखा टणक होतो. गेल्या वर्षीच्या आठवणीवर बूट घेऊ नका. मार्ग लवकर पाहिला असेल तर शर्यतीच्या आठवड्यात खिळा पुन्हा टोचून पाहा.

आयोजकांना विचारा: खिळ्यांचे बूट चालतील का? मार्गात डांबर किंवा सिमेंट किती आहे? शर्यत सिंथेटिक ट्रॅकवर सुरू होते का, तिथे संपते का? शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. सिंथेटिक ट्रॅकवर धावण्यासाठी ९ मिलिमीटरपेक्षा लांब खिळा नियमात बसत नाही, आणि काही मैदानांवर ६ मिलिमीटरचाच आग्रह असतो.

टप्पा २: पाय मोजा, संध्याकाळी, दोन्ही

दिवसभरात पाय फुगतो, पळाल्यावर आणखी फुगतो. सकाळी मोजून घेतलेला बूट शर्यतीच्या दुसऱ्या भागात चावतो.

१. संध्याकाळी, शक्यतो सरावानंतर, ज्या मोज्यांत पळणार तेच मोजे घाला.
२. फरशीवर भिंतीला टेकवून कागद ठेवा. टाच भिंतीला चिकटवा आणि त्या पायावर पूर्ण भार देऊन उभे राहा. बसून मोजलं तर माप कमी येतं.
३. दुसऱ्या कुणाला पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटापाशी खूण करायला सांगा. अंगठाच लांब असेल असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट पुढे असतं.
४. चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाच्या दोन्ही बाजूंनाही खुणा करा.
५. दुसरा पाय मोजा. जो मोठा, तोच तुमचा आकार.

माप मिलिमीटरमध्ये लिहा. बुटाच्या जिभेच्या आत चिठ्ठी असते, तिच्यावर यूके, यूएस, ईयू आणि सीएम असे आकडे असतात. यूके ८ या एकाच नंबराला एक कंपनी यूएस ९ म्हणते आणि दुसरी साडेआठ. त्यामुळे "मला आठ नंबर लागतो" हे वाक्य दुकानात फारसं उपयोगाचं नाही. सेंटीमीटरचा आकडा पायाच्या मापाशी जुळवायला सोपा. तिथून सुरुवात करा, शेवटचा निर्णय मात्र पाय आत घालूनच घ्या.

सरावाच्या बुटात लांब बोटाच्या पुढे साधारण १० मिलिमीटर मोकळी जागा हवी. खिळ्यांचा बूट पायाला जास्त घट्ट बसतो, त्यात ५ मिलिमीटर पुरतात. मार्गात लांब उतार असेल तर त्याहून कमी नको.

ओल्या पायाचा ठसा पाहून बूट ठरवण्याची पद्धत अजून चालते. ठशावरून तळव्याची कमान दिसते, एवढंच. पाय सपाट दिसला म्हणून जड, ताठ बूट गळ्यात मारून घेऊ नका. दुखणं असेल तर फिजिओला दाखवा. नसेल तर जो बूट पळताना आठवतसुद्धा नाही, तो बरोबर.

टप्पा ३: प्रकार ठरवा

आता खिळा टोचून केलेल्या सहा नोंदी काढा.

बहुतेक ठिकाणी खिळा गेलाच नसेल, तर खिळ्यांचे बूट नकोत. नोव्हेंबर ते जानेवारीत आपल्याकडच्या पुष्कळ मार्गांवर हेच उत्तर येतं, आणि हेच मुलांना पटत नाही. पुढचा धावपटू स्पाइक्स घालून उभा असला की आपल्यालाही तेच हवे असतात. टणक मुरमावर खिळे पकड देत नाहीत. शिवाय प्रत्येक पावलाला खिळ्याचा दाब तळव्याला लागतो आणि चवडा दुखून येतो. इथे हलका ट्रेल बूट (कच्च्या वाटांवर पळायचा, रबरी उंचवट्यांच्या सोलचा) किंवा बिनखिळ्यांचा क्रॉस कंट्री बूट घ्या. या दुसऱ्या प्रकाराची ठेवण स्पाइक्ससारखीच असते, खिळ्यांच्या जागी रबराचे छोटे उंचवटे असतात.

बहुतेक ठिकाणी जोर लावून गेला असेल, तर बिनखिळ्यांचा क्रॉस कंट्री बूट किंवा आखूड खिळ्यांचे स्पाइक्स, दोन्ही चालतील. मार्गात डांबर असेल तर बिनखिळ्यांचाच. सहज गेला असेल, चिखल किंवा मऊ गवत असेल, तर क्रॉस कंट्रीचे स्पाइक्स. तिथे त्यांच्याइतकी पकड कशालाच नाही.

एकच जोड घेण्याइतके पैसे असतील तर माझं मत ठाम आहे: हलका ट्रेल बूट घ्या. रोजचा सराव, टेकडी आणि शर्यत तिन्ही त्यात होतं. स्पाइक्समध्ये रोज पळता येत नाही.

ट्रेल बूट उलटा करून सोल बघा, किंमत नंतर. रबराचे उंचवटे ४ ते ५ मिलिमीटर असले की आपल्या मार्गांना पुरतात. उंचीपेक्षा त्यांच्यातलं अंतर जास्त महत्त्वाचं. एका पावसाळ्यात काळ्या रानातून सहा किलोमीटर पळून आलेल्या मुलाचा बूट मी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. धुवून पुन्हा ठेवला. चिखलासकट वजन जवळजवळ दुप्पट होतं. उंचवटे दाटीवाटीचे होते, त्यांच्या फटींत माती घट्ट बसून सोल सपाट झाला होता. म्हणजे मुलगा दुप्पट ओझं ओढत होता आणि पकडही गेली होती. काळ्या मातीसाठी उंचवटे विरळ हवेत, मध्ये बोट जाईल इतके. मग पाय आपटला की माती गळून पडते.

दुसरी गोष्ट काटे. बाभळीचा काटा मऊ फोममधून सरळ वर येतो, सराटेही रुततात. रोडच्या बऱ्याच बुटांत वजन कमी करायला सोलच्या मध्यभागी रबर नसतं, नुसता फोम उघडा असतो. माळावरून, बांधावरून पळणाऱ्यांनी सोल पूर्ण रबराने झाकलेला आहे का ते पाहावं. वरची जाळीही बारीक विणीची हवी. पावसाळा सरताना गवताची कुसळं जाळीतून मोज्यात शिरतात आणि तीन किलोमीटरनंतर टोचायला लागतात.

हे घेऊ नका:

वॉटरप्रूफ बूट. ओढ्यात पाय गेला की पाणी वरून आत जातं आणि मग बाहेर पडत नाही.

शंभर-दोनशे मीटरचे स्प्रिंटचे स्पाइक्स. त्यांची पट्टी ताठ असते आणि टाचेखाली जवळजवळ काही नसतं. दुकानात नुसतं "स्पाइक्स द्या" म्हटलं की बहुधा हेच पुढे येतात. "लांब पल्ल्याचे, क्रॉस कंट्रीचे" असं स्पष्ट सांगा आणि टाचेखाली फोम आहे का ते दाबून पाहा.

क्रिकेटचे स्पाइक्स आणि फुटबॉलचे स्टड. गावाकडच्या शर्यतीत दोन्ही दिसतात. क्रिकेटचा बूट जड असतो आणि त्याला टाचेखालीही खिळे असतात. स्टड टणक जमिनीवर तळव्याला गोळ्यासारखे टोचतात.

उंच फोमचे, कार्बन पट्टीचे रोड रेसिंग बूट. सरळ डांबरावर ते धावतात. उंचसखल जमिनीवर पाय जमिनीपासून जितका वर, तितका घोटा मुरगळण्याचा धोका जास्त. बिनखिळ्यांच्या बुटाच्या सोलची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर जागतिक नियमांतही तो बसत नाही. खिळ्यांच्या बुटात एका बुटाला जास्तीत जास्त ११ खिळे चालतात.

आणि अनवाणी पळणाऱ्यांसाठी. आदिवासी पाड्यांतून, वस्त्यांवरून येणारी कितीतरी मुलं अनवाणी पळतच मोठी झालेली असतात. अॅथलेटिक्सच्या नियमांनुसार अनवाणी पळता येतं, एका पायात बूट घालूनही पळता येतं. तेव्हा शर्यतीच्या सकाळी कुणाचे तरी उसने, न बसणारे बूट त्या पायांत कोंबू नका. आधी मार्गावरची काच आणि काटे बघा. बूट द्यायचेच असतील तर पातळ सोलचे, हलके द्या, आणि महिनाभर आधी द्या.

टप्पा ४: दुकानात

संध्याकाळी जा. मोजे आणि मापाचा कागद बरोबर न्या.

१. लेस पूर्ण सैल करा, पाय आत घाला, टाच जमिनीवर दोनदा मागे ठोका. मग खालच्या भोकांपासून वर अशी लेस ओढत या. टाच मागे न बसवता लेस बांधली की पुढची सगळी परीक्षा चुकते.
२. दोन्ही पायांत घालून उभे राहा. बोटं वर-खाली हलली पाहिजेत. करंगळीपाशी दाब जाणवला तर तो "नंतर सैल होईल" हे ऐकू नका. लांबी वाढवून रुंदी मिळवायची सवयही सोडा, दुसरं मॉडेल मागा.
३. चवड्यावर उभे राहा. टाच बुटातून थोडी उचलली गेली तर वरच्या शेवटच्या भोकातून लेसचा फास करून बांधा आणि पुन्हा पाहा. तरीही उचलली तर बूट परत ठेवा.
४. दुकानाच्या उतारावर, नाहीतर पायरीवर बोटं खाली करून उभे राहा. बोटं पुढे टेकली तर उतारावर नखं काळी पडणार.
५. बूट हातात घेऊन वाकवा. जिथे चवडा वाकतो तिथेच तो वाकला पाहिजे, मधोमध दुमडणारा नको.
६. आत हात घालून शिवण चाचपा. बोटाला लागणारी शिवण पायाला फोड आणतेच.

सगळ्यात जास्त होणारी चूक पालकांची असते, आणि ती मायेपोटी होते. वाढत्या पायाचा म्हणून दोन नंबर मोठा बूट. नववीतली एक मुलगी असा बूट घालून आली होती, पुढे कापूस कोंबलेला. चढावर काही झालं नाही. उतारावर पाय कापसावर जाऊन आदळत राहिला. शेवटी मोजे काढले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी झाली होती आणि डाव्या टाचेची साल मोज्याला चिकटून आली. वाढत्या मुलाला अर्धा नंबर मोठा चालतो, त्यापुढे नाही. पाय दर तीन महिन्यांनी मोजा आणि महाग जोडाऐवजी स्वस्त पण मापाचा घ्या.

ऑनलाइन मागवणार असाल तर परतीची मुदत आधी वाचा आणि वरच्या सगळ्या परीक्षा घरातल्या स्वच्छ फरशीवर करा. एकदा माती लागली की परत जात नाही.

टप्पा ५: बूट अंगवळणी पाडा

सरावाच्या बुटाची टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १० मिलिमीटर उंच असते. क्रॉस कंट्रीच्या बुटात हा फरक बराच कमी. टाच खाली गेली की पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते. हा ताण शरीराला हळूहळूच पचतो, आणि त्यासाठी चार आठवडे लागतात. नवा जोड आठवड्यातून दोनच दिवस घाला.

पहिला आठवडा: नेहमीचा सराव जुन्या बुटात, त्यानंतर नव्या बुटात गवतावर १०० मीटरच्या चार मोकळ्या धावा.
दुसरा आठवडा: अशा सहा-आठ धावा, आणि एक किलोमीटर सलग.
तिसरा आठवडा: मार्गासारख्या जमिनीवर दोन ते तीन किलोमीटर, वळणं आणि उतार धरून.
चौथा आठवडा: शर्यतीच्या निम्म्या अंतराची एक वेगाची धाव. पुढे शर्यतीपर्यंत फक्त छोट्या धावा.

थांबा: सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेमागे दुखत असेल तर नवा बूट बाजूला ठेवा. दुखणं पूर्ण गेल्यावर पहिल्या आठवड्यापासून सुरू करा.

शर्यतीला दोन आठवड्यांपेक्षा कमी दिवस उरले असतील तर नवा बूट घेऊच नका. जुन्या सरावाच्या बुटाचा सोल घासून धुवा, लेस नवी घाला आणि त्यातच पळा. याने वेळेत थोडं नुकसान होईल. नव्या बुटाने पाय गेला तर सगळा मोसम जाईल.

टप्पा ६: खिळे निवडा आणि बसवा (बिनखिळ्यांचा बूट असेल तर पुढच्या टप्प्यावर जा)

कोरडं, टणक गवत: ६ मिलिमीटर.
दव पडलेलं किंवा किंचित मऊ: ९ मिलिमीटर.
ओलं, मऊ: १२ मिलिमीटर.
खोल चिखल: १५ मिलिमीटर.

मार्ग संमिश्र असेल तर ओल्या भागाकडे बघून लांब खिळे लावू नका. दोनशे मीटर चिखलासाठी पाच किलोमीटर टणक जमिनीवर लांब खिळ्यांनी पळणं महागात पडतं. शंका आली तर आखूड बाजूला जा.

खिळे आदल्या दिवशी बसवा. भोकातली माती सुईने काढा, खिळ्याच्या आट्यांना व्हॅसलिनचं बोट लावा, आधी हाताने फिरवा आणि शेवटी पान्याने घट्ट करा. हाताने फिरवताना तिरका जातोय असं वाटलं की लगेच काढून पुन्हा सरळ लावा. आटे झिजले तर ते भोक कायमचं गेलं. व्हॅसलिन न लावलेला खिळा चिखलपाण्यात गंजून आत अडकतो, मग पक्कड लावूनही निघत नाही. एकही भोक रिकामं सोडू नका, त्यात माती भरते.

टप्पा ७: शर्यतीची सकाळ

सराव केलेलेच मोजे घाला, नवे नकोत. सुती जाड मोजा भिजला की जड होतो आणि घासतो, पातळ सिंथेटिक मोजा बरा. टाच आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलिन लावा. वॉर्मअप सरावाच्या बुटात करा, शर्यतीचे बूट दहा-पंधरा मिनिटं आधी घाला. लेस दुहेरी गाठ मारून तिची टोकं लेसखाली खोचा. चिखल पायातून बूट ओढून काढतो आणि लोंबणारी लेस काट्यात अडकते. मग दोन-तीन जोराच्या धावा घ्या आणि खिळे हाताने चाचपून पाहा.

खिळ्यांचे बूट घालून सिमेंटवर, पायऱ्यांवर फिरू नका. पिशवीत सरावाचे बूट आणि पाना ठेवाच.

टप्पा ८: घरी आल्यावर

माती ओली असतानाच काढा. वाळली की जाळीचे धागे तिच्याबरोबर तुटतात. इनसोल काढून साध्या पाण्याने ब्रश मारा. वॉशिंग मशीन नको, कडक ऊनही नको, दोन्हींनी सोलचा चिकटपणा सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा, दोन-तीन तासांनी बोळे बदला.

बूट बाद कधी करायचा? टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच एका बाजूला कलली असेल, चवड्याखालचे उंचवटे सपाट झाले असतील, किंवा पळाल्यावर नेहमी न दुखणारी नडगी दुखायला लागली असेल, तर तो जोड शर्यतीला नको. चालायला वापरा.

मोसम संपला की खिळे काढून पुसा, तेलाचा हात फिरवा आणि डबीत ठेवा. डबीवर खिळ्याची लांबी आणि एका बुटाला किती लागतात तो आकडा लिहा. शेजारी आपल्या पायाचं माप आणि ते घेतल्याची तारीख लिहा.